पायाला कळलं नाही

मंगळवेढ्याहून येताना एसटीत एक मावशी माझ्या शेजारी होत्या. सोलापूरला उतरल्या, पण एक चप्पल सीटखालीच राहिली. मी ती घेऊन धावलो. त्यांनी आधी वाकून पायाकडं बघितलं.

"साखर हाय बाबा. पायाला कळतच न्हाय. काटा मोडला, त्योबी कळला न्हाय. आता अंगठा काढायचा म्हनत्यात."

"पाय बघत जा, असं डॉक्टर म्हणाले नव्हते?"

"रोज बगा म्हनले हुते की. जलमभर दुसऱ्याच्या पाया पडले, सोताच्या पायाकडं कोन बगतंय?"

मी खाली बसून त्यांच्या पायात चप्पल चढवली. परक्यानं पायाला हात लावला की बायका चटकन पाय मागं घेतात. मावशींनी घेतला नाही. त्या गर्दीकडं बघत होत्या.

"घातलीस का रं?" त्यांनी विचारलं.