मास्तरांच्या डोळ्याखालची चमक

माझी मोठी मावशी एकतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे चेहरे दुरुस्त करत होती. या कामाला टचिंग म्हणत. पुढे मालक फोटो काढायचे आणि मागे मावशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, डोळ्याला भिंग लावून बसायची. सुरकुती घालवायची तर टोकदार पेन्सिलीनं बारीक ठिपके भरायचे. नको असलेली चमक घालवायची तर पात्यानं अलगद खरवडायचं. पेन्सिल पुसता यायची. खरवडलेलं मात्र गेलं ते गेलं.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी तिला शिकवलं, "बाईच्या तोंडावर एक रेघ दिसता कामा नये. पुरुषाच्या चार राहू देत, भारदस्त दिसतो."

"असं का?" मावशीनं विचारलं.

"बाईचा फोटो बघणाऱ्यासाठी असतो, ताई. पुरुषाचा त्याच्या स्वतःसाठी."

मालक माणूस वाईट नव्हते. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. मावशी कामाला लागली, आणि पुढची कितीतरी वर्षं तिनं आमच्या भागातल्या एकाही बाईला पस्तिशीच्या पुढे जाऊ दिलं नाही. हे ती स्वतःच हसत सांगायची.

मावशीला तिथं अकरा वर्षं झाल्यावर एकदा शाळेतले ड्रिलमास्तर बायकोला आणि मुलीला घेऊन फोटो काढायला आले. मुलगी नर्स झाली होती आणि दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी परदेशी निघाली होती. मास्तरांची शिट्टी वाजली की चार गल्ल्यांतली पोरं ताठ उभी राहायची, असा त्यांचा दरारा. मालकांनी सवयीनं सांगितलं, "मास्तर, मुलीच्या खांद्यावर हात ठेवा जरा." मास्तरांनी ठेवला. आणि नेमकं बटण दाबताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दोन दिवसांनी ते एकटेच आले आणि मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "डोळ्याखाली काहीतरी चमकतंय म्हणे. तेवढं काढून टाका."

मावशीनं पातं उचललं. चार-पाच वेळा हलक्या हातानं खरवडलं, काम झालं. दुपारी जेवताना तिला ते आठवलंही नाही.

महिन्याभरानं मास्तरीणबाई आल्या. हातात तोच फोटो. मावशीसमोर ठेवून म्हणाल्या, "मुलीचं पत्र आलंय. बाबा रडले तो फोटो पाठव म्हणते. यात तर ते परेडला उभे आहेत!"

मावशीनं खरं ते सांगून टाकलं. "मास्तर सांगून गेले होते. मीच काढलं ते."

"ते सांगतीलच हो. जन्मात एकदा रडले, तेही चारचौघांत, मग सांगणारच. पण काढताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

"नाही वाटलं," मावशी म्हणाली. "मी चेहरा बघतच नव्हते, बाई. मी डाग बघत होते."

मास्तरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणायची. त्यांनी फोटो नुसता उजेडाकडे धरून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "काढता येतं, तसं घालता नाही का येणार?"

मावशीनं प्रयत्न केला. पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून फोटोवर एक ठिपका ठेवला, मग त्याला जरा ओघळ दिला. सिनेमातल्या नटाच्या गालावर बाटलीतून सोडलेला थेंब दिसतो, अगदी तसा तो दिसायला लागला. मास्तरीणबाईंनीच मान हलवली. "नको. सोंग वाटतंय."

त्या गेल्यावर मावशीनं ती निगेटिव्ह पुन्हा काचेवर घेतली. या वेळी दुरुस्त करायचं काही नव्हतं, म्हणून ती नुसती बघत बसली. चेहऱ्यावरून खाली आली तेव्हा तिला मास्तरांचा हात दिसला. बोटं मुलीच्या खांद्यात रुतली होती, तिथलं कापड चुरगळलं होतं. हाताला पातं लावायला कुणीच सांगितलं नव्हतं. पुरुषाच्या हातात रडू असेल, हे ना मास्तरांच्या ध्यानात आलं होतं ना मालकांच्या.

तिनं तेवढाच भाग मोठा करून घेतला: हात, खांदा आणि मुलीची किंचित त्या बाजूला कललेली मान. मालक म्हणाले, "मुंडकी कापलेला फोटो कोण घेणार?" मास्तरीणबाईंनी घेतला. बराच वेळ धरून बसल्या आणि पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "हा पाठवते."

आठवड्यानं ड्रिलमास्तर आले.

"तुम्ही आमच्या घरी एक फोटो दिलात."

"हो."

"हाताचं हे काढून टाकायला मी सांगितलं नव्हतं?"

"नाही, मास्तर. डोळ्याखालचं सांगितलं होतं."

मास्तरांनी नजर भिंतीकडे वळवली. मग म्हणाले, "अजून एक प्रत द्या. पाकीट चिकटवून."

त्यानंतर मावशी पातं किंवा पेन्सिल उचलण्याआधी पुढच्या खोलीत येऊन गिऱ्हाइकाला विचारायला लागली, "काय काय ठेवू?" बहुतेक बायका म्हणायच्या, "सगळं घालवा हो, ताई," आणि ती घालवायची. पण अधूनमधून कुणीतरी थबकायची. शिवणकाम करणारी एक बाई कपाळावरच्या आठीवर बोट ठेवून म्हणाली होती, "ही राहू दे. एवढी एकच माझ्या कमाईची आहे." मालक कुरकुरले, "स्टुडिओ बंद पाडणार तुम्ही!" पण त्या बाईचा फोटो दर्शनी काचेत त्यांनीच लावला, आणि येणारेजाणारे त्याच्यापाशी थांबायला लागले. सुंदर मुलींच्या फोटोंपाशी थांबत, तसं नाही. जरा वेगळं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं.

पुढे यंत्रं आली, मागच्या खोलीचं काम संपलं आणि मावशी आमच्याकडे राहायला आली. ड्रिलमास्तरांची गोष्ट ती खूपदा सांगायची. मी एकदा म्हटलं, "मावशी, शेवट चांगला झाला की गं."

"मास्तरांचा झाला," ती म्हणाली. "त्याआधीच्या अकरा वर्षांत मी कुणाकुणाचं काय काढलं, ते मला आठवतही नाही."