घण मारण्याआधी

किल्लारीजवळच्या आमच्या शेतात आधीचे बोअर कोरडे गेले होते. पुन्हा अंदाजाने खोदायला नको, म्हणून जमीन तपासणारा माणूस बोलावला. त्याचं नाव लक्षात नाही. काम लक्षात आहे. वायरीने जोडलेले खिळे तो ओळीने जमिनीत रोवायचा, सगळ्यांना हलू नका म्हणायचा आणि लोखंडी पाटावर घण मारायचा. हादरा खडकातून कसा जातो ते यंत्रात पाहून भेग कुठे आहे, ते ओळखायचा.

पहिला घण पडला आणि सासूबाई घरातून अंगणात धावल्या. भूकंपापासून त्यांचं असंच आहे. भांडं पडलं तरी बाहेर. त्याने घण खाली ठेवला.

"आजी, आता तुम्ही हात वर केल्याशिवाय मारत नाही."

मग बाजेवर बसून त्या हात वर करू लागल्या. मलाही दटावलं, "हलू नगंस गं!"

दुपारी तो बांधाजवळ थांबला. "इथं खाली भेग आहे."

"भेग? मग तिथं नगं," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, अखंड खडकात पाणी कुठं राहणार? पण भेगेत असेलच, असंही मी सांगत नाही."

खोटा धीर न देणारा माणूस मला पटतो. मी खुणेसाठी खुंटी आणायला गेले. परतले तर सासूबाई बरोबर त्या जागेवर पाय रोवून उभ्या.

"जागा हुकंल म्हणून उभी हाय," त्या बाजूला होत म्हणाल्या. "ठोक आता. पण आधी माझा हात बघ."