चित्र मुकं होतं

अक्का गेल्याचं सांगत भाचा धावत आला, तेव्हा मी आमच्या नदीच्या राजघाटावर ओलं धोतर पिळत होतो. त्या क्षणी मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही... दुःख नंतर आलं. आधी वाटलं, सुटलो. आता तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. मुलींच्या शाळेत शिकवायची. गावात तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा मी तिथे ढोलकी वाजवायचो. चित्रं मुकी, त्यामुळे ठोसा पडद्यावर आणि आवाज माझ्या हातात. पुढे मातीवर पोरं बसलेली असायची, "मार! अजून मार!" म्हणून ओरडायची. मग माझा हात जड व्हायचा आणि मालक खूश होऊन तोच तुकडा पुन्हा फिरवायचा. बाहेर त्याचाच माणूस पत्र्याच्या तलवारी विकायचा. अक्का एकटी मालकाशी भांडायला गेली. तो हसला, "बाईजी, पर्दे का मुर्दा कल फिर उठता है!" अक्का म्हणाली, "पडद्यावरचा उठतो हो. पण या पोरांना वाटायला लागलंय, सगळेच उठतात." जमलेले लोक खो खो हसले. त्यात वकील होते, पेढीवाले होते, शिकलेसवरलेले होते. मास्तरीणबाईला दुसरा उद्योग नाही म्हणाले! घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "बापू, चित्र मुकं आहे रे. मार तू देतोस. निदान हात तरी हलका ठेव." मी म्हणालो, "मग मालक दुसरा ढोलकीवाला आणेल."

एकदा दुपारी ढोलकी घेऊन तंबूकडे निघालो होतो. घाटाखालच्या वाळूत आमच्या गल्लीतले नथू आणि दामू त्याच पत्र्याच्या तलवारींनी खेळत होते. मला बघून नथू ओरडला, "उस्ताद, बजाओ ना!" मी पायरीवर बसलो. हात जलद केला तशी पोरं जलद झाली. मला गंमत वाटली, मी आणखी जलद केला... दामूची किंकाळी आली तेव्हा पत्र्याची धार त्याच्या डोळ्यात होती. लोक जमायच्या आत मी ढोलकी उचलून मागच्या वाटेने निघून गेलो.

पोरांचं कुणी ऐकून घेतलं नाही. सगळा दोष नथूवर आला. त्याला शाळेतून काढलं, 'डोळाफोड्या' नाव पडलं, आणि बापाने त्याला बहादरपूरला मामाच्या केळीच्या मळ्यात नेऊन टाकलं. दामूला लागलं त्याच संध्याकाळी तंबू गच्च भरला होता. बाहेर तलवारी विकल्या जात होत्या! गल्लीच्या बैठकीत अक्का उभी राहिली. "पोराच्या हातात तलवार दिली कोणी? त्याला चेव आणला कोणी?" सगळे खाली बघत बसले. मीही त्यातच होतो.

त्यानंतर मी ढोलकीला हात लावला नाही. अक्काने ती मागून घेतली, दोऱ्या सैल केल्या आणि आपल्या खोलीत खुंटीला टांगली. का सोडलीस, असं तिने कधीच विचारलं नाही... तिला कळलं होतं का, ते मला माहीत नाही.

तिच्या दहाव्याला ज्यांनी डोळे पुसले, त्यांनीच परवा बाजारात नातवंडांना टिकल्यांची पिस्तुलं घेतली. मी बघत होतो. त्यांना बोलायला कुठल्या तोंडाने जाऊ?

ढोलकी अजून त्याच खुंटीला आहे. हे छापून आलं तरी नथूपर्यंत पोचणार नाही. अक्षरं पक्की व्हायच्या आधीच त्याची शाळा सुटली, त्याला वाचता येत नाही. मला बहादरपूरला जाऊन, त्याच्या दारात, चार लोकांसमोर सांगायचं आहे की त्या दिवशी ढोलकी मी वाजवत होतो. तेवढं माझ्याकडून राहिलं आहे.