माझं राहून गेलेलं धर्मांतर

मी आज जो काही आहे तो गायकवाड सरांमुळे आहे, आणि गायकवाड सर आमच्या दारातून हलत नसत म्हणून आहे. जिंतूरला बाबांची पिठाची गिरणी होती. बारावीनंतर मी गिरणीवर बसायचं, हे ठरलेलं होतं. सर रोज संध्याकाळी शाळा सुटली की गिरणीत येत, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून बाबांना शिक्षणाचं महत्त्व पटवत आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन घरी जात. (काकू त्यांना आधी अंगणात झटकायच्या आणि मगच घरात घ्यायच्या, असं ऐकून आहे.) शेवटी बाबांनी हात टेकले. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि आता इंग्लंडात मेडनहेडला राहून एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो.

सरांनी मला सगळं शिकवलं. फक्त 'नाही' म्हणायला शिकवायचं राहून गेलं.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात पत्रकं. मागे एक उंच, गप्प गृहस्थ. बाईंचं नाव मार्गारेट, गृहस्थ म्हणजे त्यांचा भाऊ ट्रेवर. त्यांना माझ्याशी देवाविषयी दोन मिनिटं बोलायचं होतं. बाहेर तिरका पाऊस होता. समोरच्या घरातल्या लोकांनी त्यांना येताना पाहून पडदे ओढले होते आणि टीव्हीचा आवाजही बंद केला होता. पण जिंतूरमध्ये दारात आलेल्याला चहा न विचारता परत पाठवणं हे जवळजवळ फौजदारी प्रकरण आहे. मी म्हणालो, "आत या ना."

मार्गारेटबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं, असं पुढे कळलं.

आता इथे मला माझ्याही एका श्रद्धेविषयी सांगायला हवं. मी दिवसातून दोनदाच जेवतो. मधल्या वेळात पाणी सोडलं तर काही नाही. या व्रताने माझं पोट आत गेलं आणि त्या दिवसापासून मला जगातलं प्रत्येक पोट बाहेर दिसू लागलं! व्हिडिओ पाठवणं, आलेख पाठवणं, 'पाहिलंत का?' असा पाठपुरावा करणं, सगळं मी निष्ठेने करतो. लंडनच्या पिनर भागात एका मराठी बारशात मी यजमानांना त्यांच्याच पेढ्यांविषयी सावध केलं होतं. तेव्हापासून पिनरहून आमंत्रणं येत नाहीत.

तर मार्गारेटबाईंनी तारणाविषयी, म्हणजे आत्म्याच्या उद्धाराविषयी, सांगितलं, ट्रेवरने बिस्किटं खाल्ली, आणि मी काहीच खात नाही हे पाहून बाईंनी सहज कारण विचारलं. त्यांनी विचारायला नको होतं. मी लॅपटॉप उघडून आलेखांसह सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "हाउ व्हेरी इंटरेस्टिंग." इंग्रज माणूस 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला की विषय संपला असं समजायचं, हे ऑफिसात मला रोज कळतं. घरी कळलं नाही. मला वाटलं, बाई वळल्या!

निघताना त्यांनी विचारलं, उद्या चर्चला याल का? मी म्हणालो, "येऊ की. नक्की येऊ."

आता जिंतूरमध्ये 'नक्की येऊ' म्हणजे येणार नाही. ज्याला यायचं असतं तो सांगत बसत नाही, येतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेवरची गाडी दारात हजर. माझ्यासाठी पुढची सीट रिकामी ठेवून मार्गारेटबाई मागे बसल्या होत्या. एवढ्या वयाच्या बाईंना मागे बसवून पुन्हा नाही कसं म्हणणार? गेलो.

यापुढे प्रकरण हातात राहिलं नाही. दर शनिवारी त्या आमच्याकडे येत, दर रविवारी मी त्यांच्याकडे जाई. पास्टर काहीही विचारत आणि मी आपल्या पद्धतीने मान डोलवी. ('ऐकतोय' या अर्थाने. इथे ते 'मान्य आहे' धरतात.) एकदा त्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, पुढचं पाऊल टाकायला तयार आहात ना? ते पाऊल थेट पाण्यात पडणार आहे, हे मला अजिबात दिसलं नाही. मी मान डोलवली. मधल्या काळात मीही स्वस्थ नव्हतो. मार्गारेटबाई आता आमच्याकडे बिस्किटाला हात लावत नव्हत्या. माझ्या हातून एका तरी माणसाचं कल्याण होतंय, या आनंदात मी होतो.

मग एका बुधवारी वर्षा, म्हणजे माझी बायको, फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली.

"मार्गारेटचा मेसेज आलाय. केकवर तुझं नाव कसं लिहायचं, विचारतीये."

"कसला केक?"

"तुझ्या बाप्तिस्म्याचा. या रविवारी आहे म्हणे. अभिनंदन."

मी तिला समजावून सांगितलं की मी हो म्हणालेलो नाही, फक्त नाही म्हणालेलो नाही. वर्षा पुण्याची. तिला यातला फरक कळेना.

"हे बघ, मनापासून घ्यायचा असेल तर घे, मी अडवणार नाही," ती म्हणाली. "पण नुसत्या संकोचाने धर्म बदलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आजच फोन कर."

मी फोन केला. ट्रेवरने उचलला, आणि ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच तो पूर्ण वाक्य बोलला. तो म्हणाला, मार्गारेट इतकी वर्षं दारं वाजवतेय, पावसात, बर्फात. लोक तोंडावर दार लावतात. तू तिचा पहिला. ती परवापासून झोपलेली नाही, आनंदाने.

मी म्हणालो, "केकवर नुसतं पहिलं नाव पुरे."

पण मनाशी ठरवलं की हे प्रत्यक्षच सांगायला हवं. गुरुवारी जिन्यात उभं राहून वाक्य पाठ केलं: 'मार्गारेटबाई, मला तुमच्याविषयी फार आदर आहे, पण मी हे करू शकत नाही.' शुक्रवारी ते वाक्य तोंडात धरून त्यांच्या घरी गेलो. दार उघडताच त्यांनी बाप्तिस्म्याच्या बुडीनंतर अंग पुसायला माझ्यासाठी आणलेला नवा टॉवेल दाखवला. मी म्हणालो, "रंग छान आहे." आणि टॉवेल घेऊन परत आलो. वर्षाने टॉवेल पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तो धुवायला टाकला. नवा कपडा आधी धुवावा, एवढंच ती म्हणाली.

रविवार उजाडला. चर्च एका शाळेच्या हॉलमध्ये भरत असे. मधोमध लहान मुलांच्या पोहण्याच्या हौदासारखा, पण छातीएवढा खोल प्लॅस्टिकचा हौद होता, आणि एकजण पाइपने त्यात गरम पाणी सोडत होता. शंभरेक माणसं नटूनथटून आली होती. केक आला होता. मी अर्ध्या चड्डीत, खांद्यावर टॉवेल टाकून, गावच्या विहिरीवर निघालेल्या माणसासारखा उभा होतो. मार्गारेटबाई जवळ आल्या. आज त्यांच्या डोक्यावर लोकरीची टोपी नव्हती, निळी हॅट होती. ती हॅट पाहून मात्र माझ्याने राहवेना. एवढ्या मनापासून हॅट घालून आलेल्या माणसाला खोटा होकार देणं हे तोंडावर दार लावण्यापेक्षा वाईट होतं.

"मार्गारेटबाई," मी म्हणालो, "मी हे करू शकत नाही. माझी यावर श्रद्धा नाही. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

पाइपचं पाणी धो धो पडत होतं. त्या हौदाच्या काठाला धरून खाली बसल्या. मीही शेजारी बसलो.

"मग दर शनिवारी मला घरात का घेतलंत?"

"तुम्ही दारात यायचात."

त्यांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. मग मी त्यांना विचारलं की लोक एवढे अपमान करतात, तरी तुम्ही हे का करता? माझं तारण झालं काय, न झालं काय, तुम्हाला काय फरक पडतो?

"नवरा गेला तेव्हा मी पडदे लावून बसले होते," त्या म्हणाल्या. "कुणाला दार उघडत नव्हते. या चर्चच्या एक बाई येऊन बेल वाजवायच्या. मी उघडायची नाही, त्या दुसऱ्या दिवशी परत. माझा विश्वास आहे की त्यांना देवाने पाठवलं. आता कुठल्या पडद्यामागे कोण तसं बसलंय, मला बाहेरून कसं कळणार? म्हणून सगळीच दारं वाजवते."

यावर माझ्याकडे आलेख नव्हता.

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "मलाही एक सांगायचंय. मी एकही दिवस न्याहारी चुकवलेली नाही. तुमच्याकडे यायच्या आधी गाडीत एक सॉसेज रोल खाते. निघाल्यावर दुसरा. तुम्हाला वाईट वाटलं असतं हो."

ट्रेवरने दुरून मान हलवून दुजोरा दिला. आपला एकुलता एक अनुयायी गेल्यावर कसं वाटतं, ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही सारखंच कळलं. पास्टरांना मार्गारेटबाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. एवढं गरम पाणी वाया गेलं याचं मला वाईट वाटत होतं, पण केक वाया गेला नाही. माझी जेवायची वेळ नव्हती. बाईंनी माझ्या हातात बशी दिली. मी नाही म्हणू शकलो नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा बेल वाजली. लोकरीची टोपी दारात. "मी तुमच्यासाठी प्रार्थना सोडलेली नाही," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, मीही नवा व्हिडिओ शोधून ठेवलाय. त्या आत आल्या.

त्याच संध्याकाळी मी हे पत्र लिहिलं.

आदरणीय गायकवाड सर,

सादर नमस्कार. इथे एक बाई दर शनिवारी माझ्या दारात येतात. मी बदलेन असं त्यांना वाटतं. त्यांच्यामुळे गिरणीची फार आठवण झाली. बाबा तुम्हाला रोज 'बघू' म्हणायचे. आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे गिरणीतल्या उंदरांनाही ठाऊक होतं. तुम्ही तर जन्माचे जिंतूरकर. तुम्हाला ते कळत नव्हतं असं होणार नाही. कळूनही तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. आभार मानायला मला उशीर झाला, क्षमा असावी.

आपला,
गिरणीवाल्यांचा सुधाकर

ता. क. तुमचं वजन वाढल्याचं काकूंकडून समजलं. दिवसातून फक्त दोनदा जेवून पाहावं. माहिती सोबत जोडली आहे. कृपया 'बघू' असं उत्तर पाठवू नये. मी तो होकार समजेन आणि दर शनिवारी फोन करीन.