बाराव्याचा कावळा आणि माझा ब्रिक गेम

लेकीच्या मोबाइलवर रंगीत चौकोन जुळून टिंग वाजलं की माझे कान आजही तापतात.

रत्नागिरीला काकांच्या बाराव्याचं पान मागीलदारी ठेवलं होतं. कावळा काही शिवेना. काकू हात जोडून सांगत होती, "पोरांचं मी बघीन हो, निर्धास्त जा." शेवटी एक कावळा पानाशी आला. मी, मिशी फुटलेला घोडा, फणसाआड ब्रिक गेम खेळत होतो. नेमकी तेव्हाच विटांची ओळ भरली, गेम किंचाळला आणि कावळा उडाला.

"मेल्या, आज तरी!" आत्या ओरडली.

काकू मात्र पानाकडे बघत म्हणाली, "अहो, लहान आहे तो. त्याच्यावर रागावू नका."

नवऱ्याशी तिचं शेवटचं बोलणं माझ्यासाठी रदबदली करण्यात गेलं.