एका ठिपक्याचा फरक

सटाण्याकडे फुलपाखरं बघायला कधी जावं, असं दोघातिघांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. उत्तर सोपं आहे. पाऊस सरत आला की जा, कांद्याच्या शेतात बांधावर घोळीची रानभाजी माजलेली असते तेव्हा. उरलेलं उत्तर कडू आहे. ते नको असेल त्यांनी इथूनच एसटी पकडावी.

मी गेले ती ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, आणि कॉलेजच्या पायऱ्या चढलेली घरातली मी पहिलीच. विभागात डेमॉन्स्ट्रेटरची जागा रिकामी होणार होती. विभागप्रमुख सर मला म्हणाले होते, "पगारे, निकाल लागला की अर्ज कर. मी आहे." त्या 'मी आहे'वर आमच्या घरानं किती इमले बांधले होते, ते आमचं आम्हाला ठाऊक. त्यामुळे सरांनी फुलपाखरांची सहल काढल्यावर 'जाऊ का' असं मी घरी विचारलंच नाही. आईनं पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मी निघाले.

नाशिकहून सकाळची एसटी. पिंपळगावला चहा, भावडबारीच्या घाटात हाडं खिळखिळी, मग देवळा आणि सटाणा. आता रस्ता चांगला झालाय म्हणतात. तेव्हा सटाण्यापासून पुढे आम्ही कांद्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये उभ्यानं गेलो. शेजारी सुनंदा जोशी होती, माझी वर्गातली मैत्रीण. तिच्या नाकाला रुमाल होता, मला वास आवडत होता. सालींचा थर पायाखाली चुरचुरत होता. जायचंच तर पायात बूट घाला आणि पाणी घरून न्या.

फुलपाखरू बांधावरच भेटलं. आधी नर दिसला. मखमलीसारखे काळे पंख आणि त्यांवर पांढरेशुभ्र गोल, पुढच्या प्रत्येक पंखावर एक मोठा, एक छोटा आणि मागच्या पंखावर एक. तो जरा कलला की त्या गोलांच्या कडेनं जांभळी झळाळी सरकायची. हाकललं तरी फिरून त्याच ढेकळावर येऊन बसायचा, जसा काही सातबारा त्याच्याच नावावर होता. हल्ली त्याला मराठीत छोटा चांदवा म्हणतात. आम्हाला तेव्हा फक्त लॅटिन नाव माहीत होतं.

थोड्या वेळानं घोळीवर तोच नर एका मादीशी जुळलेला दिसला, आणि मी दोघांवर मिळून जाळी टाकली. मुलं हसली, कारण मादी केशरी होती. पंखांची टोकं काळी, त्यांत पांढरा तिरपा पट्टा. म्हणजे गावोगाव रुईवर भिरभिरणारं ते नेहमीचंच फुलपाखरू, असं सगळ्यांना वाटलं. पण सरांचे डोळे चमकले. त्यांनी तिला चिमटीत धरून आम्हाला जवळ बोलावलं. रुईवरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच. त्याच्या अंगात रुईचं विष भिनलेलं असतं म्हणून पक्षी त्या फुलपाखराला तोंड लावत नाहीत. हिच्यात विष नाही, पण रूप तेच घेतलं की तीही वाचते. सर फार सुंदर शिकवायचे, हे आजही नाकारता येत नाही.

"जोडी पगारेनं पकडली," ते सगळ्यांना म्हणाले. मी त्या वेळी हवेत होते.

दुपारचं जेवण सरांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे होतं. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची झणझणीत आमटी, ठेचा. वासानंच भूक दुप्पट झाली. दाराशी सरांनी मला बाजूला घेतलं. आत कुणी विचारलंच, तर काही बोलू नकोस, मी सांभाळतो, म्हणाले. मला वाटलं, फुलपाखरं मारण्याबद्दल असेल.

पाटावर बसलो. शेतकऱ्याची आई वाढायला उभी होती. त्या घरात आडनाव विचारल्याशिवाय ताटात भाकरी पडत नव्हती. एकेकाला विचारत ती आमच्याकडे आली. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ह्या दोघी जोशी. बहिणी आहेत."

म्हातारीनं आम्हाला निरखलं. "बहिनी? एकसारख्या नई दिखतस."

सुनंदा ताटाकडे बघत राहिली. सर माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा मला स्पष्ट दिसत होती. भूकही लागली होती, खोटं कशाला सांगू. पण माझं आडनाव आमटीच्या वाटीसाठी बदलायला मी तिथं गेले नव्हते.

"दिसत नाही, कारण आम्ही बहिणी नाही," मी म्हणाले. "मी पगारे."

मग तिनं गाव विचारलं. गावावरून भागेना, तेव्हा गावातली वस्ती विचारली. मी तीही सांगितली. ती माझ्यावर चिडली वगैरे नाही. सुनेकडे वळून फक्त म्हणाली, "तिले वट्टावर वाढ."

मी उठले, बाहेरच्या ओट्यावर न थांबता ट्रकच्या सावलीत बसून आईच्या पोळ्या खाल्ल्या. एकही जण बाहेर आला नाही.

परतीच्या एसटीत सर शेजारी येऊन बसले. "तुझ्या भल्यासाठीच केलं मी. एका जेवणाचा तर प्रश्न होता." मी म्हणाले, एका जेवणासाठी आडनाव कशाला बदलायचं, माझाही तोच प्रश्न होता. ते उठून पुढे गेले ते नाशिक येईपर्यंत वळले नाहीत.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस." थोड्या वेळानं हळूच विचारलं, "मग ती जागा?"

जागा सुनंदाला मिळाली. मी शाळेत शिकवू लागले.

काही वर्षांनी माझ्या वर्गाला घेऊन मी त्या विभागात गेले. फुलपाखरांच्या कपाटात मी पकडलेल्या जोडीतला नर होता, मादी नव्हती. शोधली तर रुईवरच्या फुलपाखरांच्या रांगेत टाचलेली सापडली. एकच ठिपका. सुनंदा म्हणाली, कपाट झाडताना रंगावरून लावली सगळी. "राहू दे गं. तिथं छान मिसळून गेलीय."

"किल्ली दे," मी म्हणाले.

टाचणी गंजली होती. उपसताना मादीचा एक पंख अर्धा तुटून काचेवर पडला. सुनंदा हळहळली. मी मादीला नराशेजारी, तिच्या नावाखाली टाचली. तुटकी दिसते, पण आता तिला दुसरं कुणी समजत नाही.