साहेबांच्या शोकसभेचे फलक

लातूर जिल्हा झाला तेव्हा फलक रंगवायचं माझं दुकान सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणजे माझ्यापुरतं एवढंच झालं, की पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' घासून काढायचं आणि तिथं 'जि. लातूर' लिहायचं. शाळा, सोसायट्या, दवाखाने, पिठाच्या गिरण्या. ते काम बरेच महिने पुरलं. साहेब गेले त्या सकाळी मी अशीच एका शाळेची पाटी घासत बसलो होतो.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. नाव लिहीत नाही. आमचं गाव लोह्याकडचं, नांदेड जिल्ह्यातलं. तेही तिकडचेच, पण त्यांचं वजन लातूरपर्यंत चालायचं.

त्यांचा एक कार्यकर्ता सायकल टाकून आत आला. डोळे लाल झाले होते त्याचे.

"साहेब गेले," तो म्हणाला. "पहाटं. छातीत कळ आली, गाडीत घालोस्तोवर खलास. चार वाजता शोकसभा हाय. दुपारपर्यंत सहा फलक पायजेत."

त्यानं खिशातून मजकुराचा कागद काढून दिला आणि गेला. मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. बहुतेक मान हलवली असेल.

समोरच्या हॉटेलवाल्यानं भट्टी विझवली. तोवर आत बसलेल्या दोघांनी उरलेला चहा घाईनं पिला. त्यातला एक बाहेर येऊन खांबाला धरून हमसून रडायला लागला. दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, पण त्याचं तोंड रस्त्याकडं होतं आणि तो हसू दाबत होता, हे मला स्पष्ट दिसलं. दुकानांची शटरं एकामागून एक खाली यायला लागली.

मी मागच्या खोलीत गेलो. तिथंच आम्ही राहायचो. माय ज्वारी निवडत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं ती सूप अगदी नाकाशी धरायची.

"साहेब वारले," मी सांगितलं.

तिचा हात थांबला. "कशानं?"

"हार्टफेल म्हणून राहिले."

ती पुन्हा निवडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "माझ्या हातचा गिलास घेऊन पाणी पिला होता बाबा तो."

मला ते आठवत होतं. दुष्काळाच्या साली पाझर तलावाच्या कामावर आम्ही दोघं होतो. माय खडी फोडायची, मी माती टाकायचो. पाण्याचं पिंप एकच होतं. बाकीचे त्यात गिलास बुडवून प्यायचे, आमच्या लोकांनी मात्र बाजूला बसून ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून ओतायचं. एका दुपारी साहेबांची जीप आली. ते बघत उभे राहिले. मग सरळ पिंपापाशी गेले, जरमनचा गिलास भरला, मायच्या हातात दिला आणि म्हणाले, "पे बाई, तोंड लावून पे." ती पिली. त्यांनी तिच्या हातातून गिलास घेतला, तोच पुन्हा बुडवला आणि स्वतः सगळ्यांसमोर पिले. "ज्याला हे चालत न्हाई त्यानं उद्यापासून कामावर येऊ नये," एवढंच बोलले.

त्याच दिवशी त्यांनी हजेरीच्या फळ्यावरचं माझं अक्षर पाहिलं. कुणाचं म्हणून विचारलं. लातूरच्या एका पेंटरच्या नावानं चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर मी हा धंदा शिकलो.

"आन् घर बी त्यानंच जाळलं," माय म्हणाली. आवाज तोच. जणू ज्वारीतल्या खड्यांबद्दलच बोलत होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या दिवसांतली ही गोष्ट. गावोगाव आमच्या वस्त्या पेटत होत्या. साहेब गावात आले, पारावर बोलले. आपलं विद्यापीठ आपल्या डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं का, असं विचारून गेले. जाळा म्हणून काही ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वस्तीतली सात घरं जळाली. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कागदपत्रांची पेटी काढायला आत शिरला. पेटी वाचली, पण त्याचा डावा हात भाजला. त्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. पुढं मी मायला घेऊन कायमचा लातूरला आलो आणि दादाला नांदेडला सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी लागली.

"फलकाची ऑर्डर आलीय," मी मायला म्हणालो. "लिहू का नको?"

"तुला इचारून त्यो मेला का?" ती म्हणाली. "धंदा हाय तुझा. लिव. पर सुद्द लिव."

मी दुकानात आलो. दार अर्धं ओढून घेतलं. मांजरपाट ताणून बांधला, खडूच्या दोरीनं ओळी आखल्या आणि काळा रंग कालवला. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, वाईट नाही. कागदावर लिहिलं होतं ते मी कापडावर उतरवत होतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली साहेबांचं नाव. त्याखाली 'दीनदलितांचे कैवारी'. पहिल्या फलकावर ती ओळ लिहिताना मी थांबलो असेन असं पुढं मला पुष्कळदा वाटलं. पण थांबलो नव्हतो. जागा पुरेल का, एवढंच बघत होतो.

पाचवा फलक चालू असताना दादा आला. मायला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून त्या दिवशी तो येणारच होता. एसट्या मधेच बंद झाल्यामुळं ट्रक बदलत आला होता. डोक्यावर, भुवयांवर धूळ. पाणी पिऊन तो खाली बसला.

"लोह्यात सगळं बंद हाय," तो सांगायला लागला. "बाया ऊर बडवून रडून राहिल्या. त्याच्या पुढच्या गावात वस्तीतल्या पोरांनी फटाके फोडले म्हणून पोलिसाची गाडी उभी. आमच्या ट्रकचा डायवर म्हणला, बरं झालं, धरणात माझं रान घेतलं होतं त्यानं. आन् गाडी पुसणारा किन्नर पोरगा रडलालता. दोघं एकाच केबिनमधी."

बोलता बोलता त्याची नजर सुकायला टांगलेल्या फलकांवर गेली. तो उठला. जवळ जाऊन वाचलं.

"हे तू लिवलंस?"

"मजकूर त्यांनी दिला दादा."

"अक्षर तर तुझंच हाय."

मी ब्रश डब्याच्या काठावर निथळला.

"नाव ऱ्हाऊ दे. श्रद्धांजली बी ऱ्हाऊ दे. मेलेल्या माणसाशी माझं भांडण न्हाई. ती एक ओळ झाक. पांढरा हात मार तिच्यावर. कैवारी म्हणं!"

पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या पायाशी होता. मी त्याच्याकडं बघितलं. झाकावं असंही वाटेना, झाकू नये असंही वाटेना. ब्रश हातात धरून मी तसाच बसून राहिलो. दादा वाट बघत उभा होता. मग मी पाचवा फलक पुरा केला, सहाव्या कापडावर दोरी धरली आणि ओळ आखली.

दादा आत मायकडं गेला. थोड्या वेळानं कार्यकर्ते आले आणि फलक उचलून घेऊन गेले. रंग पुरता वाळलाही नव्हता.

मी शोकसभेला गेलो. का गेलो, ते आजही सांगता येत नाही. मैदान भरलं होतं. एका वक्त्यानं साहेबांना गरिबांची माउली म्हटलं तेव्हा माझ्या पुढची म्हातारी पदरात तोंड घालून रडली. ती मूळची आमच्याच वस्तीतली, आता लातूरला राहायची; तिच्या विधवा सुनेचा निराधाराचा पगार साहेबांनी चालू करून दिला होता. मागं कडेला तरुण पोरांचा घोळका उभा होता. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं जाहीर झालं तेव्हा ते मुद्दाम खाली बसले. कुणीतरी त्यांच्या अंगावर धावून गेलं, कुणीतरी मधे पडलं, पुन्हा शांत झालं.

मी उभा होतो. म्हातारीसारखं रडू आलं नाही आणि पोरांसारखं बसावंही वाटलं नाही. स्टेजवरच्या फलकाकडं बघत होतो. 'श्रद्धांजली'वरचा अनुस्वार द्यायचा राहून गेला होता. अख्ख्या मैदानात ते कुणालाच दिसलं नव्हतं. दोन्ही मिनिटं मला त्या टिंबाचीच चुटपुट लागून राहिली.

घरी आलो तर खोली रिकामी. ट्रक मिळाला म्हणून दादा मायला घेऊन नांदेडला गेल्याचं शेजारच्या बाईनं सांगितलं. माझ्यासाठी त्यानं काही निरोप ठेवला नव्हता.

नांदेडला मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी तिसऱ्या दिवशी गेलो. तिच्या डोळ्यावर पट्टी होती. माझा आवाज ऐकून तिनं हात चाचपत माझं मनगट धरलं आणि जेवलास का विचारलं. दादा उशाशी बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी पायथ्याशी टेकलो.

मायला झोप लागल्यावर तो उठून व्हरांड्यात गेला. मी मागं गेलो. कठड्याला टेकून तो खाली रांगेतल्या माणसांकडं बघत होता.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "माझी नोकरी कशी लागली म्हाईत हाय का तुला?"

"परीक्षा देऊन लागली ना?"

"परीक्षा समद्यांनीच दिली होती." त्यानं डावा हात कठड्यावर ठेवला. "हात बरा झाल्यावर साहेबानंच मला बोलवून घेतलं. बंगल्यावर. हाताकडं बघितलं. माफी न्हाई, काई न्हाई. कागद घेतला आन् कचेरीतल्या हापिसराच्या नावानं शिफारस लिवली. मी घेतली. चहा दिला, त्यो बी पिलो."

मी विचारलं, "मायला म्हाईत हाय?"

"न्हाई. सांगू नको."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तू काय करणार होतास, असं काहीतरी. किंवा मग मला का बोललास त्या दिवशी, असंही. पण त्यातलं एकही मनात धड उमटलं नाही. त्याच्या न मिटणाऱ्या बोटांकडं मी बघत राहिलो. खालून चहावाल्याची हाक आली.

"चहा घेतोस का?" मी विचारलं.

"आण," तो म्हणाला.

मी दोन चहा घेऊन आलो. आम्ही व्हरांड्यातच उभ्यानं पिलो. मायची पट्टी परवा सुटणार होती, मग तिला कुणाकडं ठेवायचं, लातूरला का नांदेडला, यावर बोललो. शेवटी महिनाभर त्याच्याकडं आणि नंतर माझ्याकडं असं ठरलं.